औटकी आणि ओटीपी

"ह्या पिढीच्या पोराईचं डोकंच गेलं भाऊ. निसतं मोबाईल, मोबाईल."

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात हसनाबादच्या हॉटेलांवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकड्यावर, अगदी मयतीलासुद्धा ऐकलंय. बोलणारा बहुतेक वेळा पन्नाशीच्या पुढचा असतो आणि बोलता बोलता त्याचा अंगठा रील वर सरकवत असतो. आता त्यात एक भर पडलीय. "बांशीसारखा ठराव आपल्याकडंबी घ्या. अठराच्या आतल्या एकाच्याबी हातात मोबाईल नको." या वाक्याला सगळे माना डोलावतात. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी बांशी. यवतमाळ जिल्ह्यातलं, पुसद तालुक्यातलं हे गाव. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी, असा ठराव झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसराच मार्ग धरला होता. तिथं संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत मोबाईल आणि टीव्ही बंद. आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांना समजावलं, तेव्हा कुठं ते जमलं.

दोन्ही गावांची चर्चा आपल्याकडं एकाच दमात होते, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांशीचा ठराव फक्त लेकरांसाठी आहे. वडगावचा भोंगा बापासाठीही वाजतो, आजीच्या मालिकेसाठीही वाजतो. आपल्याकडं मागणी बांशीची होते, वडगावची कुणी करत नाही. का करत नाही, हे मी सांगायची गरज नाही.

आता ज्या पोरांचं डोकं गेलं म्हणतात, ती पोरं काय करतात ते बघू.

15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी यायचा (यायचाच असं नाही, असो), बारा नंबरला पीक लिहायचा. आता शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून मोबाईलवर गट नंबर निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, पाण्याचं साधन, पेरणीची तारीख भरायची आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. पिकाची नोंद नसली तर पुढं अनुदानाला अडचण, पीकविम्याला अडचण, हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालायला अडचण. म्हणजे घरातला वर्षभराचा पैसा या एका अॅपवर अडकलेला. आणि ही नोंद करतं कोण? सांगा बरं तुमच्या घरात कोण करतं?

आमच्या गल्लीत एक पोरगं आहे. नाव लिहीत नाही. शाळेत त्याला ढ म्हणतात, घरात ठोंब्या म्हणतात. मागच्या खरिपात त्यानं भावकीतल्या आणि शेजारच्या मिळून अकरा खातेदारांची पीक पाहणी केली. त्यातल्या दोघांना स्वतःचा गट नंबर आठवत नव्हता, एकाच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावं होती आणि वावर नेमकं कुठल्या कोपऱ्यात यावरून वाद होता. अॅप म्हणत होतं, तुम्ही गटाच्या बाहेर उभे आहात. म्हातारं म्हणत होतं, पन्नास वर्षांपासून मी इथंच पेरतोय. पोरानं नकाशा उघडला, बांधाबांधानं चाललं, मोबाईलवरचा ठिपका बघत बघत बरोबर जागी जाऊन उभं राहिलं. कुठल्या बांधावर रेंज येते, दुपारी सर्व्हर बसतो आणि पहाटे पाचला चालतो, हे सगळं त्याला पाठ. हे त्याला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकलं, आणि चुकल्यावर घाबरलं नाही. आपण मोठी माणसं एक बटण दाबायला घाबरतो, "काही उडालं तर?" म्हणून.

पीएम किसानचं ई-केवायसी, फार्मर आयडी, पूर्वी पिकाचं नुकसान झालं की बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला द्यावी लागायची ती सूचना, सप्टेंबर 2025 पासून लाडक्या बहिणीचं ई-केवायसी, ज्यात बाईचा आधार आणि नवऱ्याचा किंवा बापाचाही आधार, दोन्हीकडं ओटीपी. नवरा ऊसतोडीला, मोबाईल त्याच्याजवळ, ओटीपी तिकडं पडणार, इकडं दहा मिनिटांत टाकायचा. हे सगळं जुळवून आणणारी बारा ते अठरा वयातली पोरं-पोरी प्रत्येक गल्लीत आहेत. काम झालं की त्यांच्या हातातला मोबाईल आपण काढून घेतो आणि म्हणतो, "जाय, अभ्यास कर. डोकं खराब होतं त्यानं."

मला एका गोष्टीची गंमत वाटते. हुशारी कशाला म्हणायचं, हे प्रत्येक पिढी आपल्याला जे येतं त्यावरून ठरवते.

आमच्या आजाच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. आजच्या वाचकांसाठी सांगतो, औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज ऐकायला नवल वाटतं, पण तेव्हा ते रोजचं हत्यार होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाक. त्यात आपला मुलूख निजामाचा. इथं हाली शिक्का चालायचा आणि हद्दीपलीकडं इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली रुपयांचे सहा कलदार. म्हणजे बैल विकायला हद्द ओलांडली की डोक्यात अपूर्णांक सुरू. ज्याला औटकी येत नाही तो बाजारात नागवला जायचा. म्हणून पंतोजी छडी मारून पाठ करून घ्यायचे.

मग 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलो आणि मीटर आले. शेर गेला, छटाक गेली आणि एका पिढीत औटकीही गेली. माझ्या वडिलांना दिडकीपर्यंत थोडं येतं, मला तेही नाही. माझ्या आजाच्या वयाची माणसं तेव्हा नक्की म्हणाली असतील की ह्या पोरांना साधा साडेतीनचा पाढा येत नाही, ही काय संसार करणार. आज माझ्या वडिलांच्या पिढीला औटकी येत नाही म्हणून कुणी ढ म्हणत नाही. गरज संपली, पाढा गेला. डोकं तेच राहिलं, त्यातली जागा दुसऱ्या कशानं तरी घेतली.

नव्या वस्तूची भीतीही आपल्याला नवी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं, तेव्हा शाईत जनावराची चरबी असते म्हणून छापील पोथी-पंचांगाला हात लावायला लोक कचरत होते. त्यांना शाईत तूप वापरावं लागलं, तेव्हा कुठं पंचांग सोवळ्यात गेलं. आज तेच छापील पंचांग आपण परंपरा म्हणून देवघराशेजारी टांगतो.

आमच्याच धंद्यातलं सांगतो. मी पत्रकारितेची पदविका करून आलो तेव्हा ग्रामीण वार्ताहर बातमी कागदावर लिहून, पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. पाकीट जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलं तर बातमी, नाहीतर नाही. मग फॅक्स आला, तेव्हा जुने म्हणाले, आता बातमीत जीव राहणार नाही. मग नेट कॅफे आला, मग व्हॉट्सअॅप. प्रत्येक वेळी तेच वाक्य, फक्त म्हणणारे बदलत गेले. फॅक्सची बाजू घेऊन भांडलेले माझेच मित्र आज व्हॉट्सअॅपनं पत्रकारिता बुडवली म्हणतात.

"पण साहेब, बुद्धी खरंच कमी होऊ राह्यली, शास्त्रज्ञ म्हणतात," असं एकानं मला व्हॉट्सअॅपवरच पाठवलं. अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून पूर्ण सांगतो. न्यूझीलंडमध्ये जेम्स फ्लिन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवते, दर दहा वर्षांना साधारण तीन गुण. त्याचा अर्थ आपले आजोबा मंदबुद्धी होते असा नाही. शाळा वाढल्या, पोटाला बरं मिळालं, डोक्याला आकृत्या-चिन्हांची सवय झाली. नंतर नॉर्वेत सैन्यभरतीच्या चाचण्यांचे आकडे तपासले गेले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की 1975 च्या आसपास जन्मलेल्यांनंतर गुण घसरायला लागले, आणि एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या भावांतही ही घसरण दिसली. म्हणजे रक्तात दोष नाही, आजूबाजूच्या परिस्थितीत काहीतरी बदललं.

ही बातमी "मोबाईलनं बुद्धी गेली" म्हणून फिरते. जरा हिशेब करा. 1976-77 ला जन्मलेला नॉर्वेचा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला 1995 ला. पहिला आयफोन आला 2007 ला. मग त्या पोराचं डोकं कुठल्या मोबाईलनं खाल्लं?

आता उलट्या बाजूला येतो, कारण पोरांची नुसती आरती ओवाळायला मी बसलेलो नाही.

प्रथम संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल असतो. 2023 मध्ये त्यांनी 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांना भेटून तपासलं. चारातल्या एकाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नव्हता. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं गणित निम्म्याहून जास्त जणांना आलं नाही. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवून लांबी मोजायला सांगितली तर 85 टक्के पोरांना जमलं. तीच वस्तू शून्य सोडून पुढं सरकवून ठेवली, तर फक्त 39 टक्क्यांना जमलं. पट्टी तीच, वस्तू तीच, पण शाळेत शिकवलेली जागा बदलली की उत्तर हुकलं.

आणि इथं मला गल्लीतलं ते पोरगं आठवतं. नकाशावरचा ठिपका सरकला की त्याला बरोबर कळतं आपण कुठं आहोत. वहीतल्या पट्टीवर वस्तू सरकली की त्याचं काय होत असेल? बुद्धी असती आणि नसती, असं तर होत नाही. फरक एवढाच आहे की बांधावर त्याला चुकायची मुभा होती आणि समोर खरं काम होतं. वर्गात पट्टी शून्यावरच ठेवायची असा नियम होता.

वाचनाचं नुकसान मात्र खरं आहे आणि त्याची पावती मोबाईलच्या नावानं फाडून चालणार नाही. मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं उघडायला 2021 चा डिसेंबर उजाडला. जे लेकरू जून 2020 मध्ये पहिलीत गेलं, त्यानं पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही आणि दुसरीचं अर्धं वर्षही घरात काढलं. तेच लेकरू जून 2025 मध्ये सहावीत गेलं. त्या काळातली घोषणा आठवते का? "शाळा बंद, पण शिक्षण सुरू." सुरू कशावर होतं? मोबाईलवर. बापानं बकरी विकून मोबाईल घेतल्याच्या बातम्या आम्ही कौतुकानं छापल्या. त्यांच्या हातात मोबाईल आपणच दिला, सरकारनं दिला, शाळेनं दिला. आणि आता आपणच त्यांना विचारतो, ही सवय तुला लागली कुठून?

न वाचता पटापट बोट चालवायची सवय महागात पडते, हे मी बातम्यांत रोज बघतो. "पीएम किसान"च्या नावानं एक एपीके फाईल व्हॉट्सअॅपवर येते. ती उघडली, हो-हो म्हणत गेलं की खातं रिकामं. बरं, यात पोरंच फसतात असंही नाही, उलट माझ्याकडं आलेल्यांत चाळिशीच्या पुढचेच जास्त होते. पण परवानगी मागणारा तो चार ओळींचा मजकूर थांबून वाचणारं घरात एक जण असतं, तर बरंच वाचलं असतं. पोरांना बोट चालवायला येतं, वाचायचा कंटाळा आहे. म्हाताऱ्यांना सावधपणा आहे, पण वाचताही येत नाही आणि बोटही चालत नाही. दोघं एका ठिकाणी बसत नाहीत, ही आपल्या घरांची खरी अडचण. आता तर पोरं निबंध एआयकडून लिहून घेतात. मी एकाला म्हटलं, लिहिलेला तरी मोठ्यानं वाचून दाखव. तिसऱ्या ओळीला अडखळलं.

याच मोबाईलनं दुसरंही होऊ शकतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून त्यांनी लेकरांना धडे ऐकवले, दाखवले. पुढं बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. ती शाळा काही मुंबईत नव्हती. माढा तालुक्यातली होती.

आता मुद्द्याचं, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

बांशीसारखा ठराव आपल्याकडं झाला तर तो पाळला कुणाच्या बाबतीत जाईल? पोरगा मोबाईल घेऊन पुलावर जाऊन बसेल, मित्राच्या दुकानात बसेल, मळ्यात जाईल. त्याच्यामागं कोण पळणार? ठराव लागू होईल तो घरात बसलेल्या पोरीला. "आता तर गावाचाच ठराव आहे," म्हणून तिच्या हातातला होता-नव्हता मोबाईल जाईल. 'असर'च्याच 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या, मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36.2 टक्के मुलांकडं स्वतःचा मोबाईल होता, मुलींत 26.9 टक्क्यांकडं. दोघांनाही वापरता येतो, तरी मालकी कुणाची हे ठरलेलं. आपल्या वाड्या-वस्त्यांवर प्रत्यक्षात काय आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे.

नववीतली एक पोरगी मला ठाऊक आहे. भावापेक्षा दुप्पट वेगानं वाचते. आईचं, मावशीचं, शेजारच्या तीन बायांचं केवायसी तिनं केलं. मोबाईल भावाच्या खिशात असतो, तो जेवायला बसला की तेवढ्या वेळात ही कामं उरकते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, त्या दिवशी भाऊ मोबाईल घेऊन राजूरला गणपतीला गेला होता. फॉर्म राहिला. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं, पण ती बोलली नाही. तिच्या आईनं मला सांगितलं, तेही दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता.

दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात मुली पुढं असतात. बातमी आम्हीच लावतो, "यंदाही मुलींचीच बाजी." आणि बालविवाहाच्या आकड्यांत मराठवाड्यातले जिल्हे वरच्या रांगेत असतात, तीही बातमी आम्हीच लावतो. या दोन बातम्यांच्या मध्ये जी दोन-तीन वर्षं असतात, त्यात पोरीच्या हातात काय असतं? पुढच्या प्रवेशाची माहिती, वसतिगृहाचा फॉर्म, पोलीस भरतीची जाहिरात, शिष्यवृत्ती, वेळ आली तर 1098 वर लावायचा फोन, हे सगळं आज त्या एका स्क्रीनमधून येतं. ज्यांना वाटतं मोबाईलनं पोरी बिघडतात, त्यांनी मोबाईल नव्हता तेव्हा चौदाव्या वर्षी लग्नं लागत होती की नव्हती, हे आपल्याच घरातल्या आजीला विचारावं.

मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणारी पोरं मी पाहतो. ऑनलाईन गेममध्ये बापाच्या खात्यातले पैसे घालवलेलं पोरगंही पाहिलंय, आणि ऑनलाईन रमीत कापसाचे पैसे घालवलेला बापही. पैशांच्या ऑनलाईन खेळांवर केंद्रानं ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, बरं केलं. ऑस्ट्रेलियानं तर सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांची खाती बंद करणारा कायदा केला. पण त्यात पोराला किंवा आईबापाला दंड नाही, जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपण कंपनीला हात लावू शकत नाही, मग घरातल्या सगळ्यात कमजोर माणसाच्या हातातून वस्तू काढून घेतो आणि ठराव केला म्हणतो.

तर येत्या ग्रामसभेत कुणी विषय मांडणार असेल तर जरूर मांडा, पण वडगावचा मांडा. सात ते साडेआठ, सगळ्यांचं बंद. हॉटेलातला टीव्ही, सरपंचांचा मोबाईल, माझाही. त्या दीड तासात पोरांनी म्हाताऱ्यांना सातबारा मोठ्यानं वाचून दाखवावा, विम्याच्या कागदावरच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचून दाखवाव्यात. अडखळले तर अडखळू द्या. म्हाताऱ्यांना वाटलं तर औटकी म्हणून दाखवावी, ज्यांना येते त्यांनी. आणि घरात एकच मोबाईल असेल तर आठवड्यातले कुठले दिवस तो पोरीकडं राहील, हेही त्याच ठरावात लिहा, तारीख-वारासकट. असा ठराव असेल तर अनुमोदक म्हणून माझं नाव घ्या, मी सहीला येतो.